दुसरी किल्ली तळ्यावर होती

सर्व्हर रीस्टार्ट तेवढा करायचा नव्हता. बाकी सगळं करून झालं होतं, म्हणून मी तेही केलं.

आमच्या महाडच्या ऑफिसातून आसपासच्या दवाखान्यांचे रिपोर्ट कॉम्प्युटरवर सांभाळले जातात. त्यांचे पासवर्ड वेगळ्या सर्व्हरवर असतात. आम्ही त्याला तिजोरी म्हणतो. दवाखान्याला तासाभरापुरता पासवर्ड देऊन नंतर तो आपोआप रद्द करणारं प्लगिन, म्हणजे तिजोरीला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, मी आठवडाभर खपून लिहिलं होतं. ते बसवायची रीत अशी, की तयार फाइलचा ठसा, म्हणजे आकडे-अक्षरांची एक लांबलचक ओळ, आधी तिजोरीत नोंदवायचा. ठसा जुळला तरच प्लगिनला आत प्रवेश. मी ठसा नोंदवला आणि मग मोह झाला. फाइलमध्ये 'लेखक' म्हणून स्वतःचं नाव घातलं, फाइल पुन्हा तयार केली. ठसा बदलला, तिजोरीने नकार दिला. मला वाटलं, तिजोरीच बिघडली.

रीस्टार्ट केल्यावर ती कुलूपबंद होते, आणि मग दवाखान्यांना रिपोर्टही उघडत नाहीत. तीन किल्ल्यांपैकी दोन लागतात. किल्ली म्हणजे कागदावरचा मजकूर, आणि तो फोनवर सांगायचा नाही हा नियम मीच केलेला. एक माझ्याकडे, दुसरी साहेबांकडे, आणि ते विमानात. तिसरी आमच्या ऑफिसातल्या मॅडमकडे. त्या सकाळपासून चवदार तळ्यावर, सत्याग्रहाच्या वर्धापनदिनाला येणाऱ्या लोकांसाठी लावलेल्या पाण्याच्या स्टॉलवर.

तेवढ्यात पोलादपूरच्या डॉक्टरांचा फोन. एका बाईला भूल द्यायची होती, जुने रिपोर्ट उघडत नव्हते. "सर्व्हर जरा स्लो आहे," मी म्हणालो.

लॅपटॉप पोटाशी धरून मी गर्दीत घुसलो. मॅडम पिंपामागे उभ्या होत्या. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कागद घरी आहे सर. वीस मिनिटं लागतील. तोवर स्टॉल कोण बघणार?"

"मी?"

"मग काय, तिजोरी?"

त्या गेल्या. मी एका हाताने पाणी देत होतो, दुसऱ्या हातावरचं घड्याळ बघत होतो. पेले अर्धेच भरत होते. गावाकडनं आलेली एक म्हातारी रिकामा पेला पुढे करून म्हणाली, "काय रे, पाणी देतोस का औषध? भर की नीट."

मी नीट भरला. फोन दोनदा वाजला, दोन्ही वेळा डॉक्टर. उचलायचं धाडस झालं नाही.

मॅडम धापा टाकत आल्या. घामेजलेले हात पदराला पुसून त्यांनी स्वतःची किल्ली टाइप केली, मी माझी. तिजोरी उघडली. मिनिटभरात पोलादपूरहून मेसेज आला, रिपोर्ट दिसले. नाव घातल्यामुळेच ठसा बदलला, हे एव्हाना माझ्या ध्यानात आलं होतं. मी तिथेच पिंपाला टेकून नवा ठसा काढला, नोंदवला. या वेळी प्लगिनला निमूट प्रवेश मिळाला.

घरी येऊन बायकोला सगळं रंगवून सांगितलं. म्हातारीपाशी ती हसली. मग ताट वाढता वाढता थांबली.

"आणि डॉक्टरांना काय सांगितलंत?"

"सर्व्हर स्लो होता म्हणून."

"बाई टेबलावर, आणि ते बिचारे त्या स्लो सर्व्हरची वाट बघत बसले. खरं कळलं असतं तर दुसरी काही सोय तरी केली असती त्यांनी. आधी फोन लावा, मग जेवायला बसा."