जिलानी पाण्यात असताना

११ जानेवारी २०२४, गुरुवार. कडाक्याची थंडी. जिलानीच्या व्हॅनने पाझर तलावावर. तलवार बदकं आली आहेत. एक बार उडाला. कोणाला लागला नाही.

जिलानी अहमदपूरचा. लग्नाचे फोटो काढणं हा त्याचा धंदा आणि माझ्या घराच्या पुढच्या खोलीत त्याचा स्टुडिओ. मुहूर्त नसलेल्या दिवशी तो पाण्यावर जातो. पंचाहत्तरीतही दुर्बीण घेऊन मी सोबत असते. लांब टोकदार शेपटीचं तलवार बदक जवळून टिपायचं, हा त्याचा ध्यास. काठावरून ते जमेना. म्हणून त्याने ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बांबूची चौकट बांधली, वर जलपर्णी आणि बेशरमीच्या फांद्या पसरल्या. मधल्या पोकळीत छातीभर पाण्यात उभं राहून कॅमेरा फटीला लावला.

"काकू, कसा दिसतोय?"

"कचऱ्यासारखा."

"मग जमलं!"

जमलं, पण जरा जास्तच. थोड्या वेळाने बदकं त्या ढिगाऱ्याला खेटून चरू लागली.

तेवढ्यात समोरच्या बांधावर शरणप्पा आला. त्याचं शेत तळ्याला लागून आहे आणि रानडुकरांसाठी तो छऱ्याची बंदूक बाळगतो. एरवी काठावर जिलानी दिसला की म्हणतो, "भाई, बदकं पैसे देऊन राहिली का फोटोचे?" आज काठावर जिलानी दिसत नव्हता. एका ढिगाऱ्याभोवती गोळा झालेली बदकं तेवढी दिसत होती. शरणप्पाने गुडघा टेकला आणि बंदूक खांद्याला लावली.

"शरणप्पा! आत माणूस आहे!" मी ओरडले. वारा समोरून होता, माझा आवाज मलाच पुरेना. मी शाल हलवली. त्याला वाटलं, म्हातारी पाखरं उडवून देतेय. त्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं आणि पुन्हा नेम धरला. मधे अख्खं तळं होतं. पळून तरी मी किती पळणार?

तो थोडा पुढे सरकला, तशा बदकांच्या माना एकदम ताठ झाल्या. माना ताठ झाल्या की धोका, हे जिलानीला ठाऊक. ती जिकडे बघत होती, तिकडे त्याने लेन्स वळवली. काचेत थेट बंदुकीची नळी. पाण्यात बुडी मारावी तर पोटापाण्याचा कॅमेरा जातो, आणि चौकटीबाहेर डोकं काढावं तर बदकं उठतात, आणि उठत्या थव्यावर बार सुटतोच.

"शरणप्पाऽऽ! मान वर! इकडं बघा!"

बँड वाजत असतानाही मंडपाच्या टोकाला पोचतो तो जिलानीचा हा आवाज. मागच्या उन्हाळ्यात शरणप्पाच्या लेकीच्या लग्नात दिवसभर याच आवाजाने सगळ्या वऱ्हाडाला उभं केलं होतं, बसवलं होतं. शरणप्पाची मान आपोआप वर गेली, पाठोपाठ नळीही. बार आभाळात उडाला. अख्खा थवा पाणी झटकत उठला आणि दिसेनासा झाला.

बंदूक टाकून शरणप्पा धोतरासकट पाण्यात धावला.

"भाई, लागलं का? अवो, बोला की!"

जिलानीचे दात वाजत होते. "फोटो आलाय."

"बदकाचा?"

"तुमचा. एक डोळा मिटलेला."

शरणप्पाने हात जोडले. "काढून टाका भाई, पाया पडतो. मला काय ठावं तुम्ही त्यात बसलाव!"

"मी नसतो तर बदकांना मारलं असतं की. पाखरांवर ही बंदूक पुन्हा दिसली, तर फोटो ठाण्यात जाईल."

"हाव," शरणप्पा म्हणाला. ट्यूब काठाला ओढायला त्यानेच हात लावला.

तलवार बदकाचा एकही फोटो आला नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली, थवा परतला नाही. व्हॅनमध्ये जिलानी स्टिअरिंगवर बसला, पण किल्ली फिरवेना.

"काकू, घरी अर्शीला सांगू नका."

"नाही सांगत तुझ्या बायकोला. पण पुन्हा त्यात शिरायचं, तर आधी शेतमालकाला सांगायचं."

"सांगतो," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी खिचडी टाकली. मीठ दोनदा पडलं.