औषध न पुकारणारे शेजारी

"आधी मी वापरलो, मग बोललो!" एवढं म्हणून काका माइकवर दोनदा टिचकी मारायचे. पापडालाही 'वापरलो'च म्हणायचे. तुम्ही हसलात तर तेही हसायचे, पण शब्द बदलायचे नाहीत.

मुखेडच्या बाजारात ऑटोच्या टपावर भोंगा बांधून ते जाहिराती पुकारायचे. राहायचे आमच्या शेजारीच. एकदा एका दुकानातल्या नव्या चपला पुकारण्याआधी घालून फिरले, अंगठा सोलला, तर दुकानदाराला सरळ म्हणाले, "तुमी दुसरा माणूस बघा." काकूंनी कपाळावर हात मारला.

औषध मात्र त्यांनी कधीच पुकारलं नाही. जडीबुटीवाले लई मागे लागायचे. काका म्हणायचे, "पापड बिघडला तर तोंड बिघडतंय. औषध बिघडलं तर माणूस जातंय. न्हाई जमणार."

गेल्या उन्हाळ्यात मी नांदेडहून घरी आले, तर आई बाजेवर पडलेली. ओठ कोरडे, जीभ जड. शुगरचं इंजेक्शन तिनं बंद केलं होतं! उशाशी कसल्याशा चूर्णाची डबी आणि मोबाइल. मोबाइलवर काका, तीच टोपी, तोच आवाज: "आधी मी वापरलो, मग बोललो! शुगर मुळापासून गायब!"

"दवाखान्यात चल," म्हटलं, तर तिनं हात झटकला. "भाऊजी स्वतः सांगितलेत. शेजारचा माणूस खोटं बोलंल का?"

माझं डोकंच फिरलं. तशीच त्यांच्या दारात गेले. "काका, माझ्या आईला मारता का काय?"

ते जेवत होते. व्हिडिओ बघता बघता त्यांचा घास हातातच राहिला. "पहिलं वाक्य बाजारातलं हाय, माझंच. पुढलं मी न्हाई बोललो, पोरी. कुणीतरी बनवलंय." आणि खरकट्या हातानंच उठून आमच्या घरी आले.

आई कधी त्यांच्याकडे, कधी मोबाइलकडे बघत होती. "मग ह्यात कोण बोलून राहिलंय?"

काका बाजेजवळ खाली बसले. "वहिनी, इतकी वर्षं ऐकून राहिल्या तुमी मला. एकदा तरी औषध पुकारलो का? आठवा."

आई आठवू लागली. तिचा श्वास मोठ्यानं वाजत होता.

"न्हाई," ती शेवटी म्हणाली, आणि उठायला हात पुढे केला.

नेमका बाजाराचा दिवस. दवाखान्याकडे निघालेला काकांचा ऑटो गर्दीत अडकला, आईची मान माझ्या खांद्यावर कलंडली. काकांनी माइक ओढला. भोंगा वाजला तशी माणसं सवयीनं हसत जवळ आली, आज काय आणलंय बघायला. "काही विकत न्हाई आज!" काका ओरडले. आवाज फाटला होता. "वाट द्या! माणूस हाय आत, वाट द्या!"

आई वाचली. त्यानंतर काका दर बाजारात सांगत फिरले, "मोबाइलमधला मी न्हाई." तरी एकानं विचारलंच, "ते चूर्ण कुठं मिळतंय?" काका त्या दिवशी जेवले नाहीत.

या हिवाळ्यात ते गेले. झोपेतच. मला अजून बाजारातून जाववत नाही.

व्हिडिओ मात्र अजून येतो. परवा आईच्या मोबाइलवर आला. मी हिसकावून घ्यायला धावले, तिनं हातानंच थांबवलं. डोळे मिटून ऐकलं: "आधी मी वापरलो, मग बोललो!" आणि लगेच बंद केला.

"एवढंच भाऊजींचं हाय," म्हणाली, आणि इंजेक्शन घ्यायला उठली.