दहा मिनिटं

ठोक्याचं काम कॉम्प्युटर दुरुस्तीचं, पण हात लोहाराचा. मशीन अडलं की आधी डब्याला दोन गुद्दे, मग शिव्या, मग रीस्टार्ट. पत्र्याच्या कारखान्यात हे नाव त्याला उगाच पडलं नव्हतं.

तिथली पत्रा दाबणारी मोठी प्रेस एका जुनाट लिनक्स कॉम्प्युटरवर चालायची. त्यात वीज वाचवणारा एक प्रोग्राम होता. लिहिणाऱ्यांनी तो केव्हाच वाऱ्यावर सोडलेला. प्रेस दहा मिनिटं रिकामी राहिली की तो प्रोसेसरचा वेग उतरवायचा आणि काम सुरू झालं तरी कधीकधी चढवायचाच नाही. मग आत हात आला की प्रेस थांबवणाऱ्या सेन्सरला हात दिसूनही ती उशिरा थांबायची.

प्रेसवर ठोक्याचे दाजी होते, थोरल्या बहिणीचे यजमान. त्यांनी तक्रारवहीत तीनदा लिहिलं, "रिकामी राहिली की उशिरा थांबते." तिन्ही वेळा ठोक्याने रीस्टार्ट केलं, लगेच हाताऐवजी लाकडी पट्टी आत धरली. नुकत्याच सुरू झालेल्या कॉम्प्युटरचा वेग पूर्णच असणार. प्रेस थांबली. खाली त्याने ऐटीत लिहिलं, "तपासलं. दोष नाही."

नंतर एकदा जेवणाची सुट्टी संपली आणि प्रेस दाजींच्या उजव्या हातावर आली. मनगटापर्यंत चेंदामेंदा झाला. ठोक्या पोचला तेव्हा रक्त पत्र्यावरून जमिनीवर ठिबकत होतं. दवाखान्याच्या दारात ताईने त्याच्या थोबाडीत अशी दिली की ओठ फुटला. तो तसाच कारखान्यात परतला आणि घण घेऊन कॉम्प्युटरवर धावला. आवरणाऱ्यांपैकी एकाचा दात पडला. खरं तर घण कुणावर घालायचा, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी दाजी उरलेल्या हाताने कामावर आले. सोबत ताई होती.

"तो प्रोग्राम काढून टाकलाय," ठोक्या म्हणाला. "आता धोका नाही."

"मागेही असंच लिहिलं होतंस," ताई म्हणाली. "यांचा एकच हात राहिलाय. आधी तुझा घाल."

ठोक्याने बाही सरसावली.

"आत्ता नाही," दाजी म्हणाले. "थांब."

तिघं भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभे राहिले. दहा मिनिटं झाल्यावर दाजींनी डाव्या हाताने बटण दाबलं. प्रेस सुटली तसा ठोक्याने हात आत घातला. बोटांच्या चार अंगुळं वर ती दणकन थांबली. त्याने हात बाहेर काढला.

दाजींनी त्याची कॉलर धरली आणि त्याला लोखंडी खांबावर आपटलं.

"तपासायला दहाच मिनिटं लागली," ते म्हणाले.