जिन्याच्या दोरीतली गाठ

राणोजी, आमच्या सरदारांच्या देवडीवरचा पहारेकरी, सकाळी माझ्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी अंगावर पाण्याचा दुसरा तांब्या घेत होतो. "केसोपंत, बिगीबिगी चला. त्रिंबकपंत जिन्यावरनं पडल्यात. पाय घसरला म्हनत्यात." मी ओलेत्यानेच बाहेर आलो आणि त्याचं तोंड बघून पुढचं विचारलं नाही. शनिवार पेठेतून वाड्यापर्यंतचं अंतर ते किती, पण त्या दिवशी संपेना. जिन्याच्या तळाशी त्यांना घोंगडीवर निजवलेलं होतं. मान एका बाजूला, आणि आजूबाजूला रुमालांतून सुटलेले कागद. आमच्याकडे जुने कागद कापडात बांधून ठेवतात, त्या बस्त्यांना रुमाल म्हणतात. तसले दोन रुमाल डाव्या काखेत घेऊन ते उतरत होते. जमलेला जो तो म्हणत होता, पाय घसरला, पाय घसरला. मीही मान हलवली. पाय घसरला नव्हता हे त्या घोळक्यात एकट्या मला ठाऊक होतं, आणि मी मान हलवली.

त्याला आता दोन महिने होत आले. त्रिंबकपंतांविषयी चार शब्द लिहून ठेवावेत असं मनात घेऊन चारदा बसलो आणि चारदा उठलो. त्याचं कारण पुढे येईलच.

मी दफ्तरात लागलो तेव्हा मला मिसरूडही धड फुटलेली नव्हती. त्रिंबकपंत माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. पहिल्या दिवशी त्यांनी मला खिडकीजवळ आपल्या शेजारी बसवलं, माझा बोरू उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हा बोरू आहे की भाकरी उलथायचं उलथणं?" मग चाकू काढून स्वतः तासून दिला. बोलणं असं, हात असा. दफ्तरात आम्ही बसायचो ते सगळे एकाच तऱ्हेनं... डावी मांडी घातलेली, उजवा गुडघा उभा, गुडघ्यावर कागद आणि कागदावर मान. मोडी लिहायची तर आधी कागदभर आडवी रेघ ओढायची, मग बोरू न उचलता तिला अक्षरं टांगत जायचं. सकाळी मान खाली गेली की दिवेलागणीला वर. संध्याकाळी उठताना अख्ख्या दफ्तरातून 'आई गं' असा एकच सूर निघे, आणि त्रिंबकपंत म्हणत, "झाली आरती, चला आता घरी."

त्यांचं अक्षर! मोत्यासारखं म्हणतात सगळेच, पण ते मोती नव्हते, ती चाल होती. पत्राच्या माथ्यावरच्या 'श्री'चं शेपूट ते किंचित आत वळवायचे, आणि शेवटच्या 'बहुत काय लिहिणे' मधला 'णे' असा ओढायचे की कागद संपावा. सरदारांची नात्यागोत्यातली आणि बाहेरच्या संस्थानिकांकडची पत्रं त्यांच्याच हातची जात. समोरचा आधी अक्षर ओळखी, मग शिक्का बघे. दुसऱ्या कुणाच्या हातचं पत्र गेलं तर उलट विचारणा येई, "पत्र आपलेंच कीं?" त्यामुळे दुसऱ्याच्या अक्षराची नक्कल करणं आमच्यात चोरीहून वाईट. नुसती चाकरी जाऊन भागत नाही त्यात.

आणि मी नेमकं तेच केलं. दीड वर्ष.

सुरुवात अंगठ्यापासून झाली. एका दुपारी शेजारून बोरू पडल्याचा आवाज आला. त्रिंबकपंत आपल्या हाताकडे बघत होते. अंगठा तळव्याकडे वळून तसाच अडकला होता. डाव्या हातानं त्यांनी तो सोडवला तेव्हा कट् असं झालं, ते मला ऐकू आलं. "काही नाही," म्हणाले, "सरावलेला बैल आहे, मधेच बसतो." पुढे तो रोज बसू लागला. मनगट सुजलं, मुंग्या कोपरापर्यंत चढल्या, सकाळी हाताची मूठ उघडेना. यमुनावहिनी गरम पाण्यात त्यांचा हात धरून एकेक बोट सोडवत, मग ते दफ्तराला येत. जेवताना भाताचा घास बोटांतून निसटे. चारचौघांत जेवणं त्यांनी सोडलं आणि त्याला सोवळ्याचं कारण दिलं. मी हसलो त्यावर. हसायला नको होतं.

मीच त्यांना कसब्यातल्या वैद्यांकडे ओढत नेलं. वैद्य तिरसट. त्यांच्या ओसरीवर आमच्या आधी दोघं बसले होते. एक पालखीचा भोई, ज्याचा खांदा उचलत नव्हता, आणि एक तांबट, घण घालून घालून ज्याचं कोपर गेलं होतं. वैद्यांनी त्रिंबकपंतांचा हात हातात घेतला आणि नाव-गाव न विचारता म्हणाले, "कारकून. मला तोंड बघावं लागत नाही, हात बघून धंदा सांगतो." निर्गुडीचा शेक आणि तेल दिलं आणि म्हणाले, "हे सगळं वरवरचं. सहा महिने बोरू हातात धरायचा नाही. धरलात तर हात कायमचा जाईल, मग माझ्याकडे येऊ नका." बाहेर आल्यावर तो भोई त्रिंबकपंतांना म्हणाला, "सहा महिने बसून कोन देतंय खायाला, देवा?" दोघंही हसले. मला मात्र हसू आलं नाही.

त्या आठवड्यापासून त्यांचा वाटा मी लिहू लागलो. शेजारी बसून बसून त्यांचं अक्षर माझ्या डोळ्यांत होतंच, हातात उतरायला महिनासुद्धा लागला नाही. ते नुसता बोरू धरून मान खाली घालून बसत, दोघांचे बोरू डाव्या हातानं कसेबसे तासत, आणि मी आधी माझं, मग त्यांचं लिहीत असे. खरं सांगतो, मला त्यात मौज वाटायची. ते आत वळलेलं शेपूट पहिल्यांदा जमलं तेव्हा मी त्यांना कोपरानं ढोसलं. त्यांनी बघितलं आणि डोळे भरून आले त्यांचे. म्हणाले, "केसो, मेल्या, माझ्याहून बरं काढलंस की रे."

पण असं किती दिवस चालणार? शेवटी ठरलं, दिवाणजींना अर्ज करायचा. चाकरी सोडायची नाही, फक्त लिहिण्यावरून काढून रुमाल लावण्याच्या कामावर घ्यावं. कागद शोधून द्यायचे, बांधून ठेवायचे. हात वाचला असता. अर्ज ज्याचा त्यानं आपल्या हातानं लिहायचा अशी आमच्याकडची रीत. त्रिंबकपंत त्यांच्या माजघरात बसले आणि त्यांनी दोन ओळी लिहिल्या. काय सांगू... रेघ नदीसारखी वाकडी, अक्षरं एकमेकांवर पडलेली. मी म्हटलं, "उत्तम! हेच न्या. न वाचताच समजेल त्यांना." त्यांनी कागद टराटरा फाडला. "असलं गबाळं अक्षर माझ्या नावावर दफ्तरात राहायचं? मेल्यावरही लोक बघतील ते. तू लिही." वहिनी सैपाकघराच्या दारातून म्हणाल्या, "अहो, हात गेला हेच तर सांगायचंय ना?" त्यांनी बोरू माझ्या हातात दिला. आणि मी... मलाही ते गबाळं बघवलं नव्हतं. मी लिहिलं. जीव ओतून लिहिलं. त्यांच्या हातचं इतकं देखणं पत्र मी तोवर काढलं नव्हतं.

दिवाणजींनी अर्ज वाचला, उजेडाकडे धरला आणि सगळ्या दफ्तराला ऐकू जाईल असं म्हणाले, "वा, त्रिंबकपंत! हात गेला म्हणता, आणि अक्षर तर लग्नाच्या कुंकुमपत्रिकेसारखं! थट्टा करायला आम्हीच सापडलो का?" सगळे हसले. त्रिंबकपंतांचा चेहरा मला अजून दिसतो. खरं सांगावं तर दोघांनी बनावट अक्षराच्या गुन्ह्यात जायचं, न सांगावं तर कामचुकार ठरायचं. ते जागेवर येऊन बसले. दुसऱ्या दिवशी दिवाणजींनी त्यांच्याकडे आणखी एका घराण्याचा पत्रव्यवहार दिला, आणि तोही मीच लिहू लागलो. दोघंही अडकलो होतो, पण ज्याला दुखत होतं तो मी नव्हतो. अजून नव्हतो.

दफ्तर माडीवर. जिना अरुंद, उभा, काळोखा, आणि धरायला वरून सोडलेली जाड दोरी, सगळीकडे असते तशी. त्यांची मूठ दोरीवर आवळेना, म्हणून एके दिवशी त्यांनी अर्ध्या जिन्यावर, कमरेच्या उंचीवर दोरीला एक जाड गाठ मारून घेतली. डाव्या हातानं आणि दातांनी. हात घसरत गाठीशी आला की अडायचा. कुणी विचारलं, गाठ कशाला? तर म्हणत, "जिना मोजायला. अर्धा झाला की कळतं." लोकांना ते त्यांच्या विक्षिप्तपणात बसलं.

भाद्रपदात गणपती आले. माडीवरच्या दिवाणखान्यात पाहुणे येणार म्हणून चुना झाला, जाजमं बदलली. त्रिंबकपंत त्या दिवशी वडिलांच्या श्राद्धाला घरी होते. संध्याकाळी मी उतरायला लागलो तर हाताला काही वेगळंच लागलं. नवी दोरी. गुळगुळीत, पिवळीधमक, गाठ नसलेली. खाली दिवाणजी उभे होते. "काय केसोपंत, कशी काय नवी दोरी?" माझ्या तोंडाशी आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं की त्रिंबकपंतांना गाठ लागते. मग त्यांनी विचारलं असतं, का? मी म्हटलं, "छान आहे." घरी जाताना त्यांच्या आळीवरून गेलो, दारापर्यंत नाही गेलो. उद्या त्यांना दिसेलच की, म्हटलं. दिसलीच असणार. ते माझ्या आधी पोचले, ती दोरी धरून वर गेले आणि कुणाला काही न विचारता रुमाल घेऊन उतरू लागले. विचारलं असतं तर त्यांनाही तेच उत्तर द्यावं लागलं असतं.

तेराव्यानंतर वहिनींनी मला बोलावलं. कोकणात त्यांच्या धाकट्या दिरांना नुसता निरोप गेला होता, सविस्तर पत्र जायचं होतं. मी लिहायला बसलो. चार ओळी झाल्या आणि वहिनी एकदम मागे सरल्या. "भावजी, हे काय हो?" मी पाहिलं. 'श्री'चं शेपूट आत वळलेलं. त्रिंबकपंत वारले, हे त्रिंबकपंतांच्याच हातानं लिहिलेलं होतं. दुसरा कागद घेतला, तिसरा घेतला. माझं अक्षर येईना. दीड वर्षात मी ते कुठं ठेवलं कुणास ठाऊक! शेवटी शेजारच्या शास्त्रीबुवांकडून लिहून घेतलं. तेव्हापासून दफ्तरात मी माझीच जुनी पत्रं समोर ठेवून माझ्या अक्षराची नक्कल करतो. रेघ मोजूनमापून, बोरू आवळून. त्यानं म्हणा, आधीच्या दुप्पट लिहिण्यानं म्हणा, मागच्या पंधरवड्यात माझा अंगठा अडकला. कट् असा आवाज झाला. मला ओळखीचा होता तो.

परवा मी राणोजीला म्हटलं, "दोरी जरा ताणून धर." आणि अर्ध्या जिन्यावर त्याच जागी, कमरेच्या उंचीवर गाठ मारली. तो म्हणाला, "पंत, दिवानजी रागं भरतील. कशापायी हाय ही?" मागून दिवाणजी येतच होते. "गाठ कुणी मारली?"

"मी मारली," मी म्हटलं. "माझा हात धरत नाही."

दिवाणजी हसले. "तुमचा? अहो, कालच तुमचं पत्र पाहिलं. अक्षर तर ठीक आहे!"

मी त्यांच्या मागोमाग वर गेलो. त्यांच्यासमोर बसलो, त्यांचाच बोरू मागून घेतला आणि कुणाचंही अक्षर न काढता, हात जाईल तसा जाऊ दिला. रेघ वाकडी गेली. अक्षरं एकमेकांवर पडली. लिहिलं ते एवढंच, की त्रिंबकपंतांचा पाय घसरला नाही, त्यांचा हात गेला होता. त्यांच्या अर्जातलं अक्षर माझं, पण मजकूर खरा होता. खाली माझं नाव घातलं. असलं गबाळं अक्षर माझ्या नावावर त्या दफ्तरात आता राहील. फाडावंसं वाटलं, फार वाटलं. शाई टिपायला वाळू टाकली आणि कागद त्यांच्या पुढे सरकवला.

त्यांनी वाचला. वर बघितलं नाही. "जा तुम्ही," म्हणाले.

अजून बोलावणं आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. रोज सकाळी जिना चढतो, रोज संध्याकाळी उतरतो. मूठ आवळत नाही, हात दोरीवरून घसरत खाली येतो, येतो... आणि गाठीशी थांबतो. तिथं मी क्षणभर उभा राहतो. मग उरलेल्या पायऱ्या उतरतो.