दोनशेव्या सेकंदाला मी

आता काय सांगू तुम्हाला, सासुरवाडीत मी असं काही करून ठेवलंय की अजूनही तिथे जाताना आधी फाट्यावर चहा घेतो. तेवढाच धीर येतो.

सासुरवाडी धुळ्याजवळच्या खेड्यात. सासरे, म्हणजे आबा, तिथल्या शेतकरी गटाचे अध्यक्ष. मी जळगावला कॉम्प्युटर शिकवतो. गटाकडे कापसाच्या माहितीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ होता. बाहेरचा माणूस कशाला, आमचे जवाई त्याला बटणं लावून देतील, असं आबांनी भर बैठकीत सांगून टाकलं. शब्द आबांचा आणि धडधड माझ्या छातीत!

काम सोपं होतं हो. पेरणीचं बटण दाबलं की व्हिडिओ थेट पेरणीवर जायचा, फवारणीचं दाबलं की फवारणीवर. कोणता विषय कितव्या सेकंदाला येतो ते मी वहीत लिहिलं आणि तेच आकडे प्रोग्रॅममध्ये घातले. बोंडअळी दोनशेव्या सेकंदाला. वीस वेळा तपासलं. शिवाय कुणी चुकून व्हिडिओ पुढेमागे सरकवू नये म्हणून खालची पट्टीच काढून टाकली. केवढी ही दूरदृष्टी!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी आबांच्या अंगणात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि गुलाबी फेटा. मेव्हण्याने मोबाइलवर सगळं टिपलं. आता सत्काराशिवाय आपल्याकडे कार्यक्रम सुरू होतो का? मी ते सहा मिनिटांचं शूटिंग व्हिडिओच्या सुरुवातीला जोडलं. कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही.

मारुतीच्या सभामंडपात टीव्ही लावला. गाव जमलं. त्या आठवड्यात दोन-तीन वावरांत अळीची शंका होती, त्यामुळे सगळे त्याच विषयासाठी आले होते. आबा पुढच्या खुर्चीत ताठ बसले. मी बोंडअळीचं बटण दाबलं.

टीव्हीवर मी! गुलाबी फेटा, हातात नारळ, हळूच मान डोलावतोय.

पुन्हा दाबलं. पुन्हा मीच. फवारणीचं दाबलं, तर अक्का, म्हणजे सासूबाई, मला पेढा भरवताहेत. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सगळे विषय सहा मिनिटं पुढे सरकले होते, आणि माझी बटणं जुन्याच सेकंदांवर उड्या मारत होती. आकडे बदलायला घेतले, तर घामाने बोटं भलतीच अक्षरं उठवायला लागली.

आबा वळले. शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, हाई बोंडअळी शे का?"

मंडप असा हसला की बाहेर बांधलेली बैलजोडी बिचकली. आबा हसले नाहीत. तेच मला जास्त लागलं. बोटाने पुढे सरकवता येत नाही का, असं अक्कांनी हळूच विचारलं. पट्टी मीच काढलीय, हे कोणत्या तोंडाने सांगणार? शेवटी अख्ख्या गावाने माझा सत्कार पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला, आणि मगच खरी अळी आली.

परवा आबांचा फोन आला. आवाज खुशीत होता. मला वाटलं, विसरले. म्हणाले, व्हिडिओचा गावाला फार उपयोग झाला, आता कुणाच्या कापसात अळी निघाली की तो लगेच धावत येऊन सांगतो, "आबा, तुमना जवाई दिसी गया मन्हा वावरमा."