मेन बंद, दिवा चालू

माझी शेवटची पोस्टिंग घराजवळ आली. मी चिंचपोकळीचा, आणि आमचा दारूगोळ्याचा तात्पुरता साठा कॉटन ग्रीनच्या जुन्या गोदामांमागे. बोटीने जाणारा माल तिथे थोडे दिवस थांबायचा. भिंतीपलीकडे चाळी. मी लष्करातला हवालदार गायकवाड, ट्रेड इलेक्ट्रिशियन.

सोसायटीतले लोक विचारतात, दारूगोळ्यात इलेक्ट्रिशियनचं काम काय? काम एवढंच, की वीज आत जाऊ द्यायची नाही. मोठा स्फोट पेटवणारे छोटे डिटोनेटर तपासायच्या खोलीत एकही बटण नव्हतं. दिवे बाहेरच्या भिंतीवर, जाड काचेच्या पेटीत. उजेड खिडकीतून आत यायचा. टेबलाचा पत्रा, खिडक्यांच्या जाळ्या, सगळं तांब्याच्या पट्टीने जमिनीशी जोडलेलं. कपड्यांच्या घर्षणानेही अंगात वीज साठते, म्हणून दाराशी त्याच पट्टीला जोडलेली तांब्याची प्लेट होती. तिला हात लावल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही.

त्या दुपारी दिव्यांची साफसफाई होती. मी मेन स्विच पाडला, कुलूप घातलं आणि शिडी लावली. वर पाहिलं तर दिवा जळत होता. पूर्ण नाही. पाण्याखाली ठेवल्यासारखा, फिकट. मी परत जाऊन स्विच पाहिला. बंदच होता.

कंपाउंडमधली कुत्री, ती पट्टी जिथे जमिनीत उतरते त्या अर्थिंगच्या खड्ड्यापाशी, ओल्या गवतात उभी होती. एकेक पाय उचलून झटकत होती. भुंकत नव्हती. मी टेस्टर काढून तांब्याच्या पट्टीला टेकवला. टेस्टरचा दिवा लागला.

जी पट्टी वीज जमिनीत सोडणार, तिच्यातूनच वीज वर येत होती. बाहेर रस्ता खोदताना जमिनीतली केबल फाटून आमच्या अर्थिंगला लागली होती, हे चौकशीत नंतर कळलं. त्या क्षणी बंद करायला माझ्या हातात काही नव्हतं.

आत नाईक जाधव एकटा होता. टेबलावर डिटोनेटर, त्यांच्या तारा तपासणीसाठी सोडवलेल्या. शेजारच्या खोलीत दारूगोळ्याच्या पेट्या रचलेल्या, आणि मधलं दार उघडं.

आमचे सुभेदार सावंत साहेब लोअर परळचे, मूळचे मालवणकडचे. मी त्यांना सांगितलं. त्यांनी दिव्याकडे एकदा पाहिलं.

“सगळ्यांचे वॉकी बंद कर,” ते म्हणाले. वॉकीच्या लहरींनीही डिटोनेटर उडू शकतो. “ऑफिसच्या फोनवरून लाइट कंपनीला कळव. कुणी धावायचं नाय.”

मग ते दाराशी गेले. इतकी वर्षं आम्हाला शिकवलेली गोष्ट त्यांनी त्या दिवशी केली नाही. प्लेटला हात न लावता आत गेले.

मी फोन करून परतलो.  कंपाउंडमधले सगळे वॉकी बंद होते. खिडकीतून साहेबांचा आवाज आला, नेहमीचाच.

“जाधव, पत्र्याला हात लावू नको. तारांना पण नको. वळ, आणि माझ्या बाजूने बाहेर जा.”

जाधव बाहेर आला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. साहेबही त्याच्यामागून येऊ शकले असते. ते मधल्या दाराकडे गेले. जाड लाकडी दार बसल्याचा आवाज मी ऐकला, मग कडीचा.

त्यानंतर एक छोटा आवाज. कौल फुटावं तेवढाच.

पत्र्यावर टेकलेल्या एका तारेला तेवढी वीज पुरली होती. टेबलावरचा एकच डिटोनेटर उडाला आणि त्याची कपची साहेबांच्या मानेत गेली. दारामागच्या पेट्या जागच्या जागी राहिल्या. लाइट कंपनीने वीज तोडली, तेव्हा कुठे तो दिवा विझला. तोवर मी साहेबांच्या मानेवर हात दाबून बसलो होतो. हॉस्पिटलच्या वाटेवर ते गेले.

तेराव्यानंतर मी आणि जाधव लोअर परळला त्यांच्या घरी गेलो.  सगळं मीच सांगितलं, दाराचंही. वहिनींनी ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, “आवाज मोठो झालो?”

“नाही, वहिनी. लहानसाच.”

“मगे बरा,” त्या म्हणाल्या. “थयल्या चाळींतली पोरां भियाली नसतीत.”