आक्काबाईचा जनरेटर आणि शेळगावची मंगलाष्टकं

डाळजच्या तात्याबा मदन्यांना लाऊडस्पीकरचा धंदा होता आणि जनरेटरची धास्ती. त्र्याण्णव साली त्यांनी दोघांना उचलता येईल असा छोटा पेट्रोलचा जनरेटर घेतला. सुरू करायची दोरी ते तोंड फिरवून, डोळे मिटून ओढायचे. चालू झाला तर नमस्कार, नाही झाला तर लाथ. शेवटी मशीन त्यांच्या बायकोनं, आक्काबाईनं, ताब्यात घेतली.

आक्काबाई चौथी शिकलेली. तिचे वडील मेंढरं राखायचे. पाठमोरी बसूनही कुठली मेंढी खोकली हे तिला कळायचं. जनरेटर दुरुस्तीला इंदापूरला बादशाह मिस्त्रींकडं जायचा, तेव्हा जीपमध्ये तो धरून बसायला ती जायची आणि मिस्त्रींसमोर दिवसभर उकिडवी बसून बघायची. तिसऱ्या खेपेला मिस्त्रींनी पाना तिच्या हातात दिला.

"आक्का, नुसतं बघून डोळं दुखतील. काढ प्लग."

प्लग काजळीनं काळाठिक्कर. तिनं तो पॉलिश पेपरनं घासला, मिस्त्रींनी दाखवली तेवढी फट ठेवली, बसवला आणि दोरी ओढली. मशीन धडधडली. आक्काबाईला इतकं हसू आलं की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

तेव्हापासून ऑइल बदलणं, प्लग घासणं, हवा गाळणारा फोम साबणाच्या पाण्यात धुणं, सगळं तिच्याकडं. एकदा तो फोम तारेवर वाळत होता. सासूनं तो घेऊन घरातली सगळी भांडी लख्ख केली आणि वर म्हणाली, "लई झ्याक घासनी हाय गं. आनखी एक आन की!"

शहाण्णवच्या मे महिन्यात शेळगावात साखरबाईंच्या वैष्णवीचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी साडेबाराचा, आणि लाइट सकाळपासून गेलेली. तात्याबांनी कर्णे बांधले, आक्काबाईनं मांडवामागं जनरेटर लावला. तेवढ्यात नवरीची आई साखरबाई आरतीचं ताट घेऊन आली.

"आज समदं लगीन ह्याच्यावर हाय बाई," म्हणत तिनं मशीनला हळदीकुंकू वाहिलं. मशीनचं कपाळ कुठलं हे काही तिला कळेना, म्हणून टाकीच्या झाकणावरच ओलं कुंकू चांगलं थापलं. वर हार घातला.

गाणी सुरू झाली आणि वीस मिनिटांत बंद पडली. आक्काबाईनं दोरी ओढली, लगेच चालू. भटजींनी मंगलाष्टकं धरली. दुसऱ्या कडव्यातच आवाज मेला. मागच्या लोकांना वाटलं, लागलं लग्न! त्यांनी होत्या तेवढ्या अक्षता उधळल्या. वाजंत्र्यांनी जोरात सुरुवात केली. नवरदेव हार घालायला पुढं झाला, भटजींनी त्याचा हात धरला.

"अहो, थांबा! अजून लागलं नाही!"

मशीन परत चालू. परत कडवं. परत बंद. पुढच्यांनीही अक्षता टाकल्या.

नवरदेवाचे चुलते बापूसाहेब कारखान्यात फिटर होते. बाह्या सारत ते मांडवामागं आले. "प्लग गेला आसंल. बाईमानसाला काय कळतंय त्यातलं?"

"बघा की काढून," आक्काबाई बाजूला झाली.

बापूसाहेबांनी प्लग काढला. कोरडा, खरपूस तपकिरी, जसा असावा तसा. त्यांनी तो गुपचूप परत बसवला. मांडवात एव्हाना अक्षता संपल्या होत्या. घोडेवाल्यानं घोड्याच्या तोबऱ्यातले भिजवलेले हरभरे वाटायला काढले.

आक्काबाई विचार करत होती. बंद पडते, जरा थांबलं की चालू होते. म्हणजे दमते. कशानं? तिनं पेट्रोल बघायला टाकीचं झाकण सैल केलं आणि 'सुंऽऽ' करून हवा आत ओढली गेली. आक्काबाईनं झाकण डोळ्यांपुढं धरलं आणि खाली बसून हसायलाच लागली.

"अगं, काय झालं?" तात्याबा घाबरले.

"अवो, हिला दमच घेता येईना! झाकनाला बारीक भोक आसतंय. पेट्रोल खाली गेलं की तितनं हवा आत जायाला पायजे. त्येच्यात साखरबाईचं कुंकू वाळून बसलंय!"

तिनं मंगळसूत्रातली पिन काढली, भोक कोरलं, झाकण पुसून लावलं आणि दोरी ओढली. कर्ण्यांतून भटजींचा आवाज असा आला की झाडावरचे कावळे उडाले. मंगलाष्टकं विनाखंड पार पडली. शेवटच्या 'सावधान'ला चारी बाजूंनी हरभरे आले, त्यातले निम्मे भटजींच्या टकलावर. नवरी हसत होती, साखरबाई पदर तोंडाला लावून हसत होती आणि भटजी हरभरे झटकत म्हणत होते, "लागलं बरं का! आता खरंच लागलं!"

पंगतीत बापूसाहेब स्वतः जिलेबी वाढत आक्काबाईच्या पानाशी थांबले. "वैनी, माळेगावला आमच्या घरी एक जनरेटर दोन वर्षं मुका पडलाय. मला काय तो ऐकंना."

"सोमवारी येते," ती म्हणाली.

सोमवारी पिशवीत पाने-पक्कड घेऊन ती एसटीनं एकटी माळेगावला गेली. दोन वर्षांच्या पेट्रोलचा कार्बोरेटरमध्ये डिंक झाला होता, आणि सायलेन्सरमध्ये गांधीलमाशीनं मातीचं घर केलेलं. तिनं सगळं उकललं, पेट्रोलनं धुतलं, फुंकून साफ केलं, नवं ऑइल भरलं. शेजारपाजारच्या दहा-बारा बायका भोवती जमल्या. बापूसाहेब दोरीला हात घालणार, तोच आक्काबाईनं त्यांच्या बायकोला, रोहिणीला, पुढं ओढलं.

"तुमी वडा."

"मी? न्हाय बाई!"

"वडा वो!"

रोहिणीनं पदर खोचला आणि दोरी ओढली. मशीन गर्जली, रोहिणी किंचाळून मागं उडाली आणि लगेच पुढं आली. "बंद करा, बंद करा! मला परत वडायचंय!" मग दुसरीला ओढायची होती, मग तिसरीला. चांगला चाललेला जनरेटर त्या दुपारी अकरा वेळा बंद केला गेला. बापूसाहेब ओट्यावर बसून आपला नंबर कधी येतो याची वाट बघत राहिले.